जवानाचा हक्क आणि पेटीतला कागद



आज मी लढाईच्या गोष्टी सांगायला उभा नाही. लढाई संपल्यावर काय होते, ते सांगायला उभा आहे. गोळीबार थांबतो. पेपरात नाव येते. गावात मिरवणूक निघते. मग मिरवणूक पांगते, आणि घरात एक माणूस उरतो. त्याचा पाय गेलेला असतो, नाही तर डोळा. कधी कधी माणूस येतच नाही. नुसती त्याची ट्रंक येते. पुढची तीस-चाळीस वर्षे त्या घराने कशी काढायची? सरकारने त्यासाठी नियम केले आहेत. ते काय आहेत आणि त्यांचा लाभ आपल्या उंबऱ्यापर्यंत कसा आणायचा, एवढेच आज पाहू.

आपल्या मुलखाला फौज नवी नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात ह्या एका गावचे ४६ जवान कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका टाकळीला तर सैनिक टाकळी हेच नाव पडले आहे. अशा गावांत घरोघर एक पत्र्याची पेटी असते. तीत जवानाचा जुना कोट असतो, पदके असतात, आणि अगदी तळाशी कागद असतात. पदके भिंतीला लागतात. कागदाला मात्र वाळवी लागते.

माझे सांगणे एकच आहे. त्या कागदाला पदकाइतके जपा. जवानाचा हक्क त्या कागदावर उभा आहे. आणि तो कागद आता तुम्हाला वाचता येतो.

आधी मनातली एक गोष्ट काढून टाकू. पुष्कळ म्हातारे जवान म्हणतात, “सरकारकडे हात कशाला पसरायचा? आम्ही मानाने जगलो.” बाबांनो, हा हात पसरणे नव्हे. शेतात राबलेल्या गड्याने मजुरी मागितली, तर तिला आपण भीक म्हणतो का? जवानाने देशाच्या कामी अंग झिजवले. त्या अंगाला इजा झाली. तिची भरपाई नियमात लिहिलेली आहे. ती मागण्यात कमीपणा नाही.

आता पेन्शनचा हिशेब बघू. फौजेच्या नोकरीमुळे इजा झाली, किंवा नोकरीमुळे आजार वाढला, आणि अपंगत्व शेकडा २० किंवा त्याहून जास्त ठरले, तर साधारणपणे अपंगत्वाचे पेन्शन मिळते. ह्या पेन्शनचे दोन भाग असतात. एक भाग केलेल्या नोकरीचा. दुसरा भाग अपंगत्वाचा. अपंगत्व पुरे शंभर टक्के असेल, तर हा दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या शेकडा ३० इतका असतो. अपंगत्व कमी असेल, तर त्या मानाने रक्कम कमी होते.

उदाहरण घेऊ. समजा, एका जवानाचा शेवटचा हिशेबी पगार ३०,००० रुपये होता. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे शेकडा ३०, म्हणजे ९,००० रुपये होतात. पण त्याचे अपंगत्व ठरले ४० टक्के. मग ९,००० चे शेकडा ४०, म्हणजे ३,६०० रुपये झाले.

पण इथे एक सवलत आहे. ती नीट ऐका. १ जानेवारी १९९६ पासून सरकारने असे ठरवले की, अपंगत्वामुळे ज्याला फौजेतून काढले, त्याचे अपंगत्व ५० टक्क्यांहून कमी असले, तर ते ५० धरायचे. ५० ते ७५ च्या मध्ये असेल, तर ७५ धरायचे. ७६ ते १०० असेल, तर १०० धरायचे. म्हणजे आपल्या जवानाला ३,६०० नव्हे, ४,५०० रुपये मिळायला हवेत. महिन्याला ९०० रुपयांचा फरक. वर्षाचे झाले १०,८०० रुपये. शिवाय त्यावर महागाईची वाढ निराळी. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच सवलत नोकरी पुरी करून आलेल्या अपंग जवानांनाही दिली.

शत्रूशी लढताना जखम झाली असेल, तर तिचे पेन्शन निराळे. त्याला युद्ध-जखमेचे पेन्शन म्हणतात. त्याचा दर साध्या अपंगत्वाच्या पेन्शनपेक्षा वरचा आहे. आणि जो जवान शंभर टक्के अपंग आहे, ज्याला उठायला-बसायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या देखभालीसाठी वेगळा भत्ता आहे. मेडिकल बोर्डाने तशी शिफारस केलेली असावी लागते.

एक ध्यानात ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने अपंगत्वाचे नवे नियम केले. त्यानंतर जो फौजेतून बाहेर आला, त्याला नवे नियम लागू. जुन्याचा हिशेब नव्याला लावू नका, नि नव्याचा जुन्याला लावू नका. जवान कोणत्या तारखेला घरी आला, ते आधी डिस्चार्ज बुकात वाचा.

आता कोणी विचारील, “गोळी लागली, ते दिसते. पण आजाराचे काय?” प्रश्न बरोबर आहे. फौजेत सगळेच गोळीने जखमी होत नाहीत. कोणाला बर्फात पायाची बोटे गमवावी लागतात. कोणाचा कान तोफेने जातो. कोणाला मनाचा आजार जडतो. कोणाला फेफरे येते.

धरमवीर सिंग नावाचे एक शिपाई होते. १९८५ साली ते भरती झाले. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांना तपासले. कसलाही आजार लिहिला नाही. सुमारे नऊ वर्षे नोकरी झाल्यावर, १९९४ साली फेफऱ्याच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवले. अपंगत्व २० टक्के ठरले. पण पेन्शन नाकारले. कारण दिले की, हा आजार मुळातच त्यांच्या शरीरात होता, नोकरीमुळे झालेला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०१३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. त्या निकालाचा अर्थ साध्या शब्दांत असा: भरतीच्या वेळी गडी धडधाकट होता, असे तुमच्याच डॉक्टरांनी लिहिले. मग पुढे झालेला आजार नोकरीतलाच धरला पाहिजे. तो नोकरीतला नाही असे म्हणायचे असेल, तर ते सरकारने सिद्ध करावे. जवानावर तो बोजा नाही. धरमवीर सिंग यांना पेन्शन मंजूर झाले.

बघा मंडळी, हा निकाल कशावर फिरला? भरतीच्या वेळच्या डॉक्टरी कागदावर. म्हणून म्हणतो, कागद जपा.

आता मी आयाबहिणींशी बोलतो. जवान गेला, तर मागे राहणाऱ्या बाईला कुटुंब-पेन्शन मिळते. पण ते एकाच दराचे नसते. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार साधा. जवान नोकरीशी संबंध नसलेल्या कारणाने वारला, तर शेवटच्या पगाराच्या शेकडा ३०. सुरुवातीची काही वर्षे ह्याहून जास्त मिळते, मग हा दर लागतो.

दुसरा प्रकार विशेष. नोकरीच्या कामामुळे मरण आले, तर शेकडा ६०.

तिसरा प्रकार सर्वांत वरचा. लढाईत किंवा तशाच कारवाईत वीरमरण आले, तर शेवटच्या पगाराइतके.

पुन्हा तोच ३०,००० चा पगार धरू. पहिल्या प्रकारात ९,००० रुपये. दुसऱ्यात १८,०००. तिसऱ्यात ३०,०००. माणूस तोच, घर तेच, पोरेही तीच. पण कागदावर मरणाचे कारण काय लिहिले, त्याने एवढा फरक पडतो. दुःखाच्या दिवसांत बाईला कागद वाचायला कुठले भान असणार? दीर किंवा भाऊ सांगतो, “इथे अंगठा दे.” ती देते. म्हणून जवळच्या माणसांनी तिच्यासाठी एवढे करावे. पेन्शनचा हुकूम आला की तो तिला मोठ्याने वाचून दाखवावा. तीनपैकी कोणता प्रकार लिहिला आहे, ते पाहावे. कारण चुकीचे वाटले, तर लगेच विचारावे.

मुलांनाही हक्क आहे. आई नसेल, तर मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत कुटुंब-पेन्शन मिळू शकते. मूल अपंग असेल आणि त्याला पोट भरता येत नसेल, तर ते जन्मभर मिळू शकते. लग्न न झालेल्या, विधवा किंवा घटस्फोटित मुलीसाठीही नियमांत सोय आहे. बापाच्या पश्चात माहेरी परत आलेल्या लेकीला घरात ओझे समजतात. कदाचित तिचा स्वतःचा हक्क पेटीत पडलेला असेल. तो आधी बघा.

आणखी एक नाजूक गोष्ट. शौर्यपदक मिळवून जवान गेला, तर त्या पदकाचा महिन्याचा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. पूर्वी तिने दुसरे लग्न केले की तो बंद होई. फक्त दिराशी लग्न केले, तरच चालू राही. ह्या एका अटीपायी कित्येक घरांत बाईच्या मनाचा विचार झाला नसेल! नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने ही अट काढून टाकली. आता त्या भत्त्यासाठी दिराशीच लग्न करावे लागत नाही. कोणी जुना नियम सांगून तरण्या पोरीला भीती घातली, तर त्याला हे वर्ष सांगा: २०१७.

इथपर्यंत हक्क सांगितले. आता ते अडतात कुठे, ते सांगतो.

बहुतेक वेळा ते नावात अडतात. फौजेच्या दप्तरात बायकोचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची चाल आहे. माहेरची सखुबाई सासरी लक्ष्मीबाई होते. गडी रजेवरून परत जातो, लग्नाची नोंद करायची राहून जाते. मूल होते, त्याचीही नोंद राहते. कोणाची जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते. जवान हयात आहे तोवर कोणाचे लक्ष जात नाही. तो गेला की बाई कचेरीत जाते, आणि तिथला माणूस म्हणतो, “ह्या नावाची बायको आमच्या दप्तरात नाही.” तीस वर्षे संसार केलेल्या बाईने काय उत्तर द्यावे?

ह्याला औषध सोपे आहे, पण ते वेळेवर घ्यावे लागते. नोकरीत असताना लग्न, मुलांचे जन्म, नावातला बदल, हे सारे पलटणीच्या कचेरीत कळवायचे असते. तिथे त्याचा हुकूम निघतो. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. त्याची नक्कल घरी आणून ठेवावी. जवान निवृत्त झाला असेल, तरी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून दुरुस्ती करता येते. पेन्शनच्या हुकुमाला पी.पी.ओ. म्हणतात. पी.पी.ओ., आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवा. तिन्हींवरची नावे अक्षर-अक्षर ताडून पाहा. हे काम तुमचे तुम्हालाच करता येईल.

दुसरे अडते ते मुदतीत. कधी अर्ज नामंजूर होतो. घरी एक लांब लिफाफा येतो. घरातली माणसे तो उघडतात, समजत नाही म्हणून फळीवर ठेवून देतात. तो लिफाफा फळीवर ठेवू नका! नामंजुरीवर अपील करता येते. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे असते. तेही फेटाळले गेले, तर दुसरे अपील आहे. त्यानंतर सैन्याचे वेगळे न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ साली झाला. काम २००९ साली सुरू झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथेही शेवटच्या निर्णयापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते. म्हणून पत्र कोणत्या तारखेला हाती आले, ते लिफाफ्यावरच पेनाने लिहून ठेवा.

मुदत टळली तर सगळे बुडाले का? तसेही नाही. तरसेम सिंग नावाच्या जवानाला १९८३ साली अपंगत्वामुळे फौजेतून घरी यावे लागले. ते न्यायालयात गेले १९९९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पेन्शन दर महिन्याला चुकते, म्हणून उशिरा आलेल्या माणसालाही दाद मागता येते. पण मागची सगळी थकबाकी न्यायालयाने दिली नाही. दावा केला त्याच्या आधीच्या सुमारे तीन वर्षांचीच दिली. बाकीची वर्षे गेली ती गेलीच. उशिराची किंमत ही अशी असते.

आता, जायचे कोणाकडे? बाजारात भेटणाऱ्या दलालाकडे नव्हे. “तुमचे काम करून देतो, मिळेल त्यातला अमुक हिस्सा माझा,” असे म्हणणारे फिरतात. कोऱ्या कागदावर सही घेतात. अशा कागदावर सही करू नका, अंगठा तर मुळीच नको. मोबाईलवर फोन करून कोणी पेन्शनसाठी बँकेचा गुप्त आकडा विचारला, तर तो सांगू नका.

तुमच्या जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना मदत करणे हेच त्याचे काम. नाव नोंदवणे, ओळखपत्र देणे, अर्ज भरून घेणे, कोणता कागद कुठे पाठवायचा ते सांगणे, हे सारे तिथे होते. जाताना डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., आधार, बँकेचे पुस्तक आणि फोटो बरोबर न्या. मूळ कागद दाखवा, द्यायची ती नक्कल. नक्कल दिल्याची पोच घ्या.

ज्यांना पेन्शनच नाही, त्यांचे काय? काही जवान थोडी वर्षे नोकरी करून आले, त्यांना पेन्शन बसले नाही. अशा हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला, वयाची ६५ वर्षे पुरी झाल्यावर, केंद्रीय सैनिक मंडळाकडून मदत मिळते. ती महिना ४,००० रुपये होती. नोव्हेंबर २०२५ पासून ती ८,००० करण्यात आली. मुलांच्या शिक्षणाला आणि मुलीच्या लग्नालाही मदत आहे. हा पैसा मुख्यतः ध्वजदिनाच्या निधीतून येतो. दर वर्षी ७ डिसेंबरला शाळेतली पोरे छोटे झेंडे घेऊन येतात, आणि आपण डब्यात नाणे टाकतो ना? तोच हा निधी. १९४९ सालापासून हा दिवस पाळला जातो.

औषधपाण्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांची ई.सी.एच.एस. नावाची योजना आहे. तिचे कार्ड काढले, की पेन्शनवाला जवान, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेली माणसे यांच्यावर उपचार होतात. महाराष्ट्रात माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना घरपट्टीतही सवलत आहे. ती ग्रामपंचायतीत विचारा. आणि पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायलाच हवा. आता फौजेचे पेन्शन ‘स्पर्श’ नावाच्या संगणक-व्यवस्थेतून येते. दाखला चुकला, तर पेन्शन थांबते. हयात माणसाचे पेन्शन एका दाखल्यावाचून अडावे, हे बरे नव्हे.

तरुण पोरांसाठी दोन शब्द. २०२२ सालापासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती आहे. तिचे नियम निराळे आहेत. तिथे नेहमीचे पेन्शन नाही. नोकरीत असताना मरण आले, तर ४८ लाख रुपयांचा विमा आहे. नोकरीच्या कामामुळे मरण आले, तर वर ४४ लाखांची मदत. नोकरीमुळे अपंगत्व आले, तर टक्केवारीप्रमाणे एकदाच ४४, २५ किंवा १५ लाख रुपये. भरतीला निघालेल्या पोराने आणि त्याच्या आईबापाने हे आधीच वाचावे.

पण मंडळी, पैसा मिळाला म्हणजे सारे मिळाले असे नाही. अंगात उभारीही यावी लागते. त्यासाठी आपल्या पुण्यातच सोयी आहेत. कृत्रिम हातपाय बसवणारे सैन्याचे केंद्र तिथे १९४४ सालापासून आहे. अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी खडकीची संस्था १९१७ साली निघाली. कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी खडकीलाच १९७४ साली पुनर्वसन केंद्र उघडले.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तुम्ही ऐकले असतील. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या. पायांतले बळ गेले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात सोडले, आणि ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीत अपंगांच्या जागतिक सामन्यांत त्यांनी ५० मीटर पोहण्यात सोन्याचे पदक जिंकले. ह्या सामन्यांतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सगळेच जखमी जवान पेटकर होणार नाहीत. तशी गरजही नाही. कोणी पिठाची गिरणी चालवील, कोणी पोरांना शिकवील. घरच्यांनी त्याला खाटेवरचा पाहुणा समजू नये, म्हणजे झाले.

आता उठण्याआधी चार कामे सांगतो. आज घरी गेल्यावर पेटी उघडा. डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ. बाहेर काढा. नावे आणि तारखा ताडून पाहा. प्रत्येक कागदाच्या दोन नकला करा, आणि मूळ कागद वाळवी-पाण्यापासून दूर ठेवा. कोणता कागद कुठे ठेवला, ते घरच्या बाईला दाखवा. तिलाच पुढे तो लागणार आहे.

आणि शेजारी एखादी म्हातारी असेल, जिला वाचता येत नाही, तर तिच्या घरी जा. म्हणा, “आजी, दादल्याचे कागद आणा बघू. मी वाचून दाखवतो.” तुम्ही अक्षर शिकलात. त्याचा उपयोग आधी तिला होऊ द्या.